कोऱ्या पोटाची कालवड

सलग तिसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली, तेव्हा कल्याणी फडतरेनं आयुष्यात पहिल्यांदा हंबरणाऱ्या गाईपुढे रिकामी पाटी ठेवली, नुसती तिची समजूत काढायला. खटाव तालुक्याच्या कोरड्या टोकाला, कातळवाडीत तिचा गोठा होता. डझनभर गीर गाई, आठ एकर गवताचं रान आणि त्या रानाची तिला असलेली घमेंड. मारवेल, अंजन, लसूणघास, रानचवळी असं मिसळलेलं ते रान तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, उदयनं, लग्नानंतर हळूहळू उभं केलं होतं. बियाणं डोंगरउतारावरून वेचून आणलेलं, खत शेणाचं, फवारणी कसलीच नाही. गावातली आणखी सहा घरं गोळा करून तिनं ‘हिरवी धार’ नावाचा गट काढला होता. या गटाचं सेंद्रिय दूध पुण्याला जाई. त्या दुधाला किंचित पिवळी झाक असे, आणि ताज्या कापलेल्या गवताचा वास.

गटातलं एक घर तिच्या धाकट्या बहिणीचं, रेश्माचं होतं. रेश्माला या गावात कल्याणीनंच आणलं, स्थळ सुचवून. दोघींची रानं आणि गोठे एकमेकांना लागून होते. मधल्या बांधावर सिमेंटचा एक हौद होता आणि दोन्हीकडच्या गाई त्याच हौदावर पाणी पीत.

सेंद्रिय दुधाचा नियम असा की गाईला चाराही सेंद्रियच हवा. दुष्काळात साधी वैरण मिळण्याची मारामार, तिथं सेंद्रिय वैरण कुठून यायची? गाई छावणीत नेल्या तर प्रमाणपत्र गेलं, न नेल्या तर गाई गेल्या. अशा वेळी ‘काष्ठपाची’ बाजारात आलं.

ते समजावून सांगायला तालुक्याचे पशुवैद्य डॉ. सिराज मुल्ला गटाच्या बैठकीला आले होते. गाय स्वतः गवत पचवत नाही, असं त्यांनी सांगितलं. तिच्या कोठीपोटात अब्जावधी जिवाणू आणि बुरशा राहतात, त्या गवत कुजवतात आणि त्यांनी कुजवलेल्यावर गाय जगते. पण लाकडासारख्या कडक काडीत लिग्निन नावाचं द्रव्य असतं. सिमेंटनं विटा धराव्यात तसं ते काडीतलं अन्न घट्ट धरून ठेवतं आणि गाईच्या पोटातल्या कुणालाच ते फोडता येत नाही. म्हणून कापसाची पऱ्हाटी खाऊन गाय जगत नाही. काष्ठपाचीत प्रयोगशाळेत घडवलेला एक जीव होता, तो लिग्निन फोडत होता. एक डोस पाजला की गाय पऱ्हाटी, तुराट्या, उसाचं पाचट, काहीही खाऊन दूध देणार. सोबत रोज एक पूड द्यायची. ती पूड हीच त्याची चावी. पूड बंद केली की तो जीव आठवड्यात मरतो, म्हणून तो कुठं पसरण्याची भीती नाही.

घडवलेला जीव सेंद्रिय गोठ्यात चालत नाही. कल्याणीनं बैठकीत नाही म्हणून सांगितलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. रेश्मानं डोलावली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हौदावर भेटली.

“ताई, माझ्या गाई हाडं चघळायला लागल्यात. बघतेस ना तू?”

“बघते.”

“मग?”

“थोडे दिवस कळ काढ.”

“गाईला कळ काढ म्हणून कसं सांगायचं, तेवढं सांग मला.”

कल्याणी आपल्या गाई वळवून घराकडे निघाली. महिन्याभरात रेश्माच्या गाईंच्या बरगड्या झाकल्या गेल्या. गटाकडे दूध तपासायचं यंत्र होतं. पोटातल्या जिवांची खूण दुधाच्या स्निग्धांशात उतरते आणि ती खूण हे यंत्र वाचत असे. गाईनं ओलं खाल्लं की वाळलं, पेंड खाल्ली की पाला, सगळं त्यावर दिसे. रेश्माच्या दुधात काष्ठपाचीची खूण उमटली, तेव्हा तो निकाल बैठकीत कल्याणीनंच वाचला आणि गटातून रेश्माचं नाव कमी करायचा ठरावही तिनंच मांडला. रेश्मा वाद न घालता उठली आणि आपल्या दोन्ही किटल्या घेऊन घरी गेली.

त्यानंतर बहिणींचं बोलणं बंद झालं. उरलेल्या घरांनी निम्म्या गाई पाहुण्यांकडे कोकणात पाठवल्या, उरलेल्यांना कसंबसं तगवलं. मध्येच उदय म्हणाला की हौद आता वेगळे करायला हवेत. कल्याणी हो म्हणाली आणि पुढं काहीच केलं नाही. पाण्याचीच टंचाई, दुसरा हौद कशानं भरायचा, असं ती सांगत राहिली. खरं कारण तिचं तिला माहीत होतं. सकाळी गाई पाण्यावर आल्या की पलीकडे रेश्मा उभी असायची, डोक्यावरचा पदर दातात धरून. दिवसभरात बहीण दिसायची ती तेवढीच.

चौथ्या वर्षी पाऊस झाला. मन भरून झाला. वरून करपलेलं दिसणारं रान खालून जिवंत होतं. आषाढ सरता सरता मारवेल गुडघ्याला लागली आणि कोकणातून गाई परत आल्या. कल्याणीची पद्धत अशी की गवत चांगलं धरल्याशिवाय त्यात गाई सोडायच्या नाहीत. तिनं त्या गोठ्यातच ठेवल्या. रेश्मानं मात्र पत्रकात लिहिलं होतं तसं केलं. पूड बंद केली, सांगितलेले दिवस मोजले, वर आणखी आठवडा जाऊ दिला आणि एका दुपारी गाई हिरव्यात सोडल्या.

कल्याणी परसात भांडी घासत होती. बांधावरून हाक आली, “ताई, ये.” वर्षभरात रेश्मानं तिला मारलेली ती पहिली हाक. त्या दोन शब्दांतच काय ते कळलं आणि ती ओल्या हातांनी धावली.

गाई रानात आडव्या पडल्या होत्या. डाव्या कुशी ढोलासारख्या ताणलेल्या, पाय ताठ, डोळे बाहेर. डॉ. मुल्ला येईपर्यंत दोन गेल्या होत्या. पोटफुगीत डॉक्टर कुशीत नळी खुपसतात, मग वारा सुटतो आणि गाय उठून बसते. यावेळी नळीतून वारा आला नाही, हिरवा फेस आला. दाट, साबणासारखा, थांबता थांबेना. संध्याकाळपर्यंत एकही गाय उठली नाही.

रेश्मा एका गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. कल्याणी तिच्याजवळ उभी होती. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, “तुला सांगितलं होतं मी.”

रेश्मानं वर पाहिलं नाही. गाईच्या नाकाशी आलेला फेस ती पदरानं पुसत राहिली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी उलगडा केला. कोठीपोटात इतके जीव इतक्या दाटीनं राहतात की ते आपापले गुण एकमेकांना देत-घेत असतात. काष्ठपाचीच्या जिवानं असाच कुणाकडून तरी एक गुण उचलला होता आणि आता त्याला पुडीची गरज राहिली नव्हती. चावीशिवाय कुलूप उघडलं होतं. लाकूड फोडण्याइतकी त्याची भूक मोठी. पऱ्हाटी त्याला हळूहळू पुरते, तोवर गाईचं बरं चालतं. पण कोवळं गवत समोर आलं की दिवसभराचं पचन तो घटकाभरात उरकतो. वायू आणि आम्ल इतकं साठतं की गाईला ढेकर द्यायलाही वेळ मिळत नाही.

“आणि तो लाळेतून जातो,” डॉक्टर म्हणाले. “शेणातून, माशांच्या पायांतून. पाण्यातून तर सगळ्यात आधी.”

कल्याणी तशीच उठून यंत्राशी गेली. आपल्या गोठ्यातलं दूध तिनं घातलं, पुन्हा घातलं, यंत्र धुऊन पुन्हा घातलं. प्रत्येक गाईच्या दुधात ती खूण होती. गाई त्या दिवशी रानात सुटल्या नव्हत्या, एवढ्यावरच त्या जिवंत होत्या. तिनं गटातल्या उरलेल्या पाच घरांना बोलावलं आणि निकाल जसा होता तसा वाचून दाखवला, आपल्या गोठ्यापासून सुरुवात करून. मग त्यांची दुधं तपासली. एकही घर सुटलं नव्हतं. दसऱ्यापर्यंत तालुका सुटला नव्हता आणि संक्रांतीपर्यंत जिल्हा.

औषध नव्हतं. सगळेच जीव मारणारं औषध दिलं तर गाय उपाशी मरत होती. दुसऱ्या गाईच्या पोटातलं पाणी आणून पाजलं तर हा जीव त्यातल्या सगळ्यांना पुरून उरत होता. गाय वाचवायची एकच तऱ्हा होती, तिच्या तोंडी हिरवं लागू द्यायचं नाही. बांधावरून, रस्त्यानं, ओढ्याकाठानं जाणाऱ्या प्रत्येक गाईच्या तोंडाला जाळीचं मुसकं आलं. चौफेर हिरवंगार रान आणि त्यातून मान खाली घालून चाललेली बांधल्या तोंडांची गुरं, असं दृश्य त्या वर्षी सगळीकडे दिसत होतं. गाई मुसक्यासकट गवतात तोंड खुपसून उभ्या राहायच्या, नुसता वास घेत. तसं करताना दिसल्या की कल्याणी दुसरीकडे बघायची.

तिला सगळ्यात जास्त खुपलं ते वेगळंच. दूध चांगलं होतं. फॅट चांगली, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून उरलेला घनांशही चांगला, पिणाऱ्याला काही अपाय नाही, असा सगळ्या प्रयोगशाळांचा निर्वाळा होता. पिवळी झाक गेली होती, गवताचा वास गेला होता. पुण्यातल्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी तेवढं फोनवर विचारलं, हल्ली दूध अगदी पांढरंशुभ्र येतं, काही बदललंत का? कल्याणीनं सगळं सांगितलं. बाईंनी हळहळ व्यक्त केली आणि दूध चालू ठेवलं, दुसऱ्या डेअरीचं. ‘हिरवी धार’ बंद पडली, तेव्हा कुणी पाटी उतरवायलाही आलं नाही. वाऱ्यानं ती एक दिवस आपोआप पडली.

चैत्रात डॉ. मुल्ला एक विचार घेऊन आले. नुकत्याच जन्मलेल्या वासराचं कोठीपोट कोरं असतं. त्यात कुठलाच जीव नसतो. आई चाटते, तिची लाळ वासराच्या तोंडात जाते आणि तिथून त्याच्या पोटात वस्ती सुरू होते. तेव्हा वासरू जमिनीला लागायच्या आत, आईची जीभ त्याला लागायच्या आत उचललं, वेगळ्या स्वच्छ जागी ठेवलं, चीक मंद आचेवर तापवून आणि दूध उकळून, गार करून पाजलं आणि निरोगी गाईच्या पोटातलं पाणी आणून पाजलं, तर एक गाय जुन्या वळणाची तयार होईल. एक झाली तर दहा होतील.

कल्याणीची जास्वंद नावाची गाय तेव्हा दिवसांत होती. स्वच्छ जागा गावात एकच होती, रेश्माचा रिकामा गोठा. त्या दुपारनंतर तिथं एकही जनावर बांधलं गेलं नव्हतं. कल्याणी तिच्या दारात गेली आणि उंबऱ्याबाहेरूनच तिनं सगळं सांगितलं. रेश्मानं ऐकून घेतलं, आत गेली आणि चुना कालवायला बादली घेऊन बाहेर आली. गोठा दोघींनी मिळून खरवडला, धुतला, दोनदा चुन्यानं रंगवला. कामाव्यतिरिक्त त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी रेश्मानं चहा दोन कपांत ओतला.

जास्वंद सकाळी व्याली. कल्याणीनं तिचं डोकं खांबाशी करकचून बांधलं होतं. कालवड झाली. रेश्मानं ती धुतलेल्या चादरीत झेलली आणि मागं न बघता निघून गेली. जास्वंदीनं मान वळवायचा प्रयत्न केला. दावं सोडल्यावर तिनं आधी जमीन हुंगली, मग जिथं वार पडली होती ती फरशी चाटायला लागली. फरशी कोरडी झाली तरी चाटत होती. पुढं दिवसरात्र हंबरून तिचा आवाज बसला, मग नुसता घशातून वारा यायचा.

कालवडीचं नाव रेश्मानं कोरी ठेवलं. डॉक्टरांनी कोयनेपलीकडच्या जंगलातली एक वाडी शोधून काढली. तिथं काष्ठपाची कधी पोचलंच नव्हतं, गुरं बाराही महिने डोंगरात चरत. तिथल्या एका गाईच्या पोटातलं पाणी थर्मासमध्ये घालून त्यांनी स्वतः गाडी चालवत आणलं. रेश्मानं ते नळीनं कोरीला पाजलं. गोठ्याच्या खिडकीला बारीक जाळी, दारात चुन्याचं पाणी, आत जायचे कपडे वेगळे. रेश्मा जवळजवळ तिथंच राहत होती.

कोरी वाढली. पाऊस लागल्यावर एके सकाळी कल्याणीनं रानातून मारवेलीचा एक भारा कापला, स्वच्छ पाण्यात धुतला आणि हातभर गवत तिच्यापुढं टाकलं. दोघी बहिणी भिंतीला टेकून बसल्या. कोरीनं खाल्लं, थांबली, बसली आणि डोळे अर्धवट मिटून रवंथ करायला लागली. दुपार झाली, संध्याकाळ झाली. तिची डावी कूस मऊच राहिली. रेश्मा पहिल्यांदा रडली ती तेव्हा. पुढचा पंधरवडाभर त्या गोठ्यात हिरव्या शेणाचा वास होता. उदय काही ना काही निमित्त काढून तो घ्यायला यायचा.

मग एका सकाळी रेश्मानं दार उघडलं, तर कोरी आडवी पडली होती. तोंडाशी फेस होता, तो वाळला होता.

थर्मासच्या तळाशी राहिलेलं थेंबभर पाणी डॉक्टरांनी जपून ठेवलं होतं. आता ते त्यांनी नीट तपासून घेतलं. जीव त्यातच होता, थोडासा. वाढून वरचढ व्हायला त्याला तेवढे दिवस लागले होते.

“म्हणजे कोयनेपलीकडेही,” कल्याणी म्हणाली.

“पलीकडेही.”

“मग तो नसलेली गाय आहे कुठं?”

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “मला माहीत नाही, वहिनी. असेल असं आता वाटत नाही.”

वर्षभरानं सरकारनं एक केंद्र काढलं. दुष्काळाआधी गोठवून ठेवलेले काही जुने नमुने कुठल्याशा संग्रहात सापडले होते. त्यांतून पोटातली जुनी वस्ती पुन्हा उभी करायची तर न चाटलेली वासरं हवी होती. ती बंद खोल्यांत वाढणार होती, गाळलेल्या हवेत, यंत्रानं पाजलेल्या दुधावर. कल्याणीनं डॉक्टरांना विचारलं की त्यातलं एखादं वासरू कधी रानात येईल का. ते नाही येणार, त्यांनी खरं ते सांगितलं. बाहेरची माती, पाणी, माशी, सगळ्यांत तो जीव आहे. त्याची नात, पणती कदाचित, तोवर यावर काही उपाय निघाला तर.

जास्वंद पुन्हा गाभण होती. गोठ्यात आता तीनच गाई उरल्या होत्या आणि यापुढं त्या गाभण जाऊ द्यायच्या नाहीत, असं दोघा नवराबायकोचं ठरलं होतं. कल्याणीनं केंद्राला होकार कळवला. तिला तो बरोबरही वाटत होता. कुणाच्या तरी पणतीला गवत मिळायचं असेल, तर कुणाला तरी हे करावं लागणार, असं तिनं रेश्माला समजावलं आणि रेश्मानं मान हलवली.

जास्वंदीला कळा सुरू झाल्या तेव्हा दिवस चांगला वर आला होता. केंद्राची पांढरी गाडी अंगणात उभी होती, मागचं दार उघडं, आत काचेची पेटी. हातमोजे घातलेली एक तरुण डॉक्टरीण मागच्या बाजूला बसली. रेश्मा चादर धरून उभी राहिली. खांबाशी, जास्वंदीच्या डोक्याशी कल्याणी होती. दाव्याची गाठ बसली नव्हती, दोर तिनं हातातच पिळून धरला होता.

जास्वंद हंबरत नव्हती. पहिल्या वेळी तिनं कळ आली तशी हाक दिली होती. आता ती मुकाट उभी होती आणि एक डोळा वळवून कल्याणीकडं बघत होती. तिला आठवत होतं, अशी कल्याणीची खात्री झाली. गाईला काय आठवतं आणि काय नाही, हे शास्त्राला ठाऊक असेल. तिला त्या क्षणी दुसरं काही वाटलंच नाही.

वासराचे पाय आले, मग डोकं. रेश्मा पुढं झाली. कल्याणीच्या हातातला दोर सैल पडला. तिनं तो सोडला की सुटला, हे पुढं कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. जास्वंद गर्रकन वळली. तिच्या धक्क्यानं चादर रेश्माच्या हातातून उडाली, वासरू भुशावर पडलं आणि गाईची जीभ त्याच्या तोंडावर, डोळ्यांवर, ओल्या कानांवर फिरायला लागली. भराभर, जणू मागच्या वेळचंही राहिलेलं उरकायचं होतं.

डॉक्टरीण उठली. तिनं हातमोजे काढून एकात एक गुंडाळले. ती रागावली नाही. नुसतं म्हणाली, “आता याचा उपयोग नाही,” आणि गाडी रिकामी गेली.

रेश्मा अजून तिथंच उभी होती. “ताई, हे काय केलंस?”

“मला नाही जमलं,” कल्याणी म्हणाली. “दुसऱ्यांदा नाही जमलं.”

डॉ. मुल्लांनी नंतर फोन केला. दुसरी गावं वासरं देताहेत, तुमच्या एकानं काही अडत नाही, असं ते म्हणाले. ते सगळ्यांना असंच सांगत असणार, हे कल्याणीला कळत होतं. तिला कळतंय हे त्यांनाही कळत होतं. कातळवाडीच्या आसपास त्या वर्षी कुणीच वासरू दिलं नाही.

पंधरा-वीस दिवसांचं झाल्यावर वासरू अंगणात बागडायला लागलं. रोज सकाळी रेश्मा त्याला बघायला यायची, बाजेवर बसायची, जायची. त्या दिवशी दोघी पाचटाच्या पेंढ्या सोडत होत्या. वासरू कुंपणाशी गेलं. पलीकडं आठ एकर रान छातीएवढं वाढून बियाला आलं होतं, ते खायला कुणी नव्हतं. तारेतून एक कोवळी पात आत आली होती. वासरानं ती हुंगली, जिभेनं ओढली आणि खेळ केल्यासारखी तोंडात घोळवायला लागलं.

कल्याणी उठली. एका हातानं तिनं वासराचा जबडा धरला, दुसऱ्या हाताची दोन बोटं त्याच्या गुळगुळीत हिरड्यांमागं घातली आणि ती पात बाहेर काढली. वासरू तिची बोटं चोखायला लागलं. तिनं ती काढून घेतली नाहीत.